तलफ आली की नुसतं बसायचं? मावा, समता आणि सोलापूरची टपरी

पार्कचौक

ध्यानावरचे धागे इथं ढिगानं आहेत. बहुतेक 'मन शांत कसं ठेवावं' इथं सुरू होऊन तिथंच संपतात. माझं मन शांत नाही याचं मला फारसं दुःख नाही. मला मावा सोडायचाय, आणि त्यासाठी मी बसायला लागलोय.

सोलापूरबाहेरच्यांसाठी: मावा म्हणजे कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या कागदात घालून तळहातावर घासून एकजीव केलेला. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, मावा घासणारे हात काही थांबले नाहीत. आमच्या कारखान्यात (टॉवेलचा आहे, मी हिशेबाला) शिफ्ट सुटली की गेटबाहेर तोच एक आवाज असतो, घासण्याचा.

मी काय करतो ते सांगतो. तलफ आली की पाठ ताठ करून खुर्चीतच बसतो, डोळे मिटत नाही, आणि ती शरीरात नेमकी कुठं आहे ते शोधतो. तलफ म्हणून एक सलग गोष्ट नसतेच, हे यातून कळलं. खालच्या ओठाआड डाव्या बाजूला, जिथं माल ठेवायचो, तिथं चुणचुण असते. तोंडात लाळ सुटलेली असते. जबडा आवळलेला, श्वास वरच्यावर, हात खिशाकडे निघालेला. आणि डोक्यात एकच वाक्य फिरत असतं, 'आजच्या पुरतं'. हे सुटं सुटं पाहिलं की प्रत्येक तुकडा सोसण्याजोगा निघतो. एकत्र असतात तेव्हाच ते अंगावर येतात. बरेचदा पाच-सात मिनिटांत सगळं विरतं.

अडचणी दोन. पहिली, मी बघतो ते ती जावी म्हणूनच. नाही गेली की चिडचिड होते, आणि ती रात्री घरच्यांवर निघते. मग ही समता (जे येतं ते ओढून न घेता, न ढकलता बघणं) कसली, हे तर दातओठ खाणं झालं. दुसरी अडचण टपरीची. आपल्याकडं मावा एकटा कुणी खात नाही. अर्धी पुडी पुढं केली जाते, नको म्हटलं की समोरच्याचं तोंड पडतं. ध्यान खुर्चीत जमतं, टपरीवर पार उडून जातं.

ज्यांनी खरंच काही सोडलंय त्यांनी लिहा. 'इच्छाशक्ती वाढवा' म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार.

मधलामारुती

काय बे अण्णा, एवढा अभ्यास करून मावा सोडायलास? आमच्या तात्यांनी एका दिवसात सोडला, डॉक्टरनं तोंडात बोटं घालून बघितल्यावर.

मजा सोड, टपरीचं खरं हाय तुझं. मी रिक्षावाला, दिवसभर टपरीवरच उभा. मावा सोडला तर उभं कुठं राहायचं हा पहिला प्रश्न. दुसरं म्हणजे पॅसेंजर नसताना वेळ जात नाय. तोंडात काहीतरी पाहिजे. ते तुझं 'चुणचुण बघणं' मी करून बघितलं आत्ता हे लिहिताना. खरंच ओठाजवळच हाय की. लई बेक्कार वाटलं, एवढे दिवस कळलंच नव्हतं.

अनित्य

पार्कचौक, धागा आवडला, कारण तुम्ही बरोबर त्या जागी बोट ठेवलंय जिथं बहुतेक लोक अडकतात आणि ज्याबद्दल बोलत नाहीत.

बुद्धाच्या मांडणीत दुःखाच्या साखळीतल्या दोन कड्या लागोपाठ येतात: आधी वेदना, मग तृष्णा. वेदना म्हणजे इथं केवळ दुखणं नव्हे. शरीरात उमटणारी कोणतीही सुखद, दुःखद किंवा मधली जाणीव. डोळ्यांना पुडी दिसली, अंगात काहीतरी उमटलं, हे आपल्या हातात नाही. ते उमटल्यावर 'हवंच' म्हणून झेप घेणं ही पुढची कडी, आणि सगळं काम या दोहोंच्या मधल्या फटीत आहे. म्हणजे माणूस माव्याच्या मागं लागत नाही, माव्याने अंगात जे उमटतं त्याच्या मागं लागतो. म्हणून तुम्ही पुडीशी न भांडता चुणचुणीकडे वळलात ते बरोबरच झालं.

आता तुमची पहिली अडचण. विपश्यना ध्यान शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींची हकीकत इथं फार उपयोगी आहे. सत्यनारायण गोएंका म्यानमारमधल्या मंडालेचे, जन्म १९२४चा, तरुणपणीच मोठे व्यापारी. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता आणि त्यासाठी मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. डॉक्टरांना भीती अशी की आता डोकं दुखलं नाही तरी मॉर्फिन लागेल. १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ध्यान शिकायला गेले. हे गृहस्थ स्वतः ब्रह्मदेशाचे महालेखापाल, सरकारी अधिकारी. त्यांनी गोएंकांना परत पाठवायची तयारी केली. डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, मन शुद्ध करायला येत असाल तर या, असा त्यांचा पवित्रा होता. डोकेदुखी गेली तर तो वरकड फायदा.

मला हा किस्सा सुरुवातीला उगाच ताठरपणाचा वाटायचा. आता वाटत नाही. 'हे जावं' म्हणून पाहणं ही उलट्या तोंडाची तलफच. मावा हवा ही एक ओढ, तलफ नको ही दुसरी. तुम्ही पहिली पाहताय आणि दुसरीवर बसून पाहताय. पुढच्या वेळी चिडचिड आली की तिलाही तसंच शोधा: कुठं आहे, गरम आहे का, कपाळात का पोटात. ती तुमच्या कामातला अडथळा नाही, त्या वेळचं कामच ते.

पांढराकोट

दातांचा डॉक्टर आहे, सोलापुरातच. धाग्याच्या उत्साहावर थोडं पाणी टाकतो, राग नसावा.

ध्यान आणि तंबाखू यावर अभ्यास झालेत. अमेरिकेत येल विद्यापीठात जडसन ब्रुअर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ८८ धूम्रपान करणाऱ्यांवर प्रयोग केला. सतरा आठवड्यांनी ध्यानाच्या गटातले ३१ टक्के लोक सिगारेटपासून लांब होते, नेहमीच्या समुपदेशनाच्या गटातले ६ टक्के. हा आकडा सगळीकडे फिरतो. त्यानंतरचे सगळे अभ्यास एकत्र करून २०२२ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, त्यात दीर्घकाळ तंबाखू सुटण्यात ध्यानाचा स्पष्ट फायदा दिसला नाही. हा आकडा कुणी फिरवत नाही. शिवाय हे बहुतेक सिगारेटवरचं. महाराष्ट्रात प्रश्न चघळण्याचा आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आणि धूररहित वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे जवळजवळ सगळे.

दुसरं, माव्यात नुसता तंबाखू नसतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली तिला पहिल्या गटात टाकलं, तंबाखू नसलेल्या सुपारीलासुद्धा. तोंड उघडणं कमी होत जाण्याचा जो आजार मी रोज बघतो तो सुपारीचा. घरी आरशासमोर स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, किंवा तिखट लागून तोंड भाजत असेल, गालात पांढरे पट्टे असतील, तर ध्यान संध्याकाळी करा, सकाळी दाखवायला या.

तिसरं, निकोटीनची गम मेडिकलमध्ये मिळते. राष्ट्रीय तंबाखू मुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६, फोन फुकट. तलफ जोरात असते ते पहिले दोन-तीन दिवस, नंतर दोन ते चार आठवड्यांत ओसरते. एवढ्या काळापुरता रासायनिक आधार घेण्यात कमीपणा काय आहे?

पार्कचौक

डॉक्टर, तीन बोटं जातात, कशीबशी. यावर रविवारी बोलू.

गमबद्दल विरोध काहीच नाही. पण तुमचे दोन-चार आठवडे ज्यांनी कधी सोडलंय त्यांना विचारा. शरीराची तलफ ओसरते हो. पण गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत सगळे जमतात, होम मैदानावर रात्री गप्पा रंगतात, आणि वर्षभर न खाल्लेला माणूस 'आण रे' म्हणतो. तिथं निकोटीन कुठं असतं? त्या क्षणी अंगात जे होतं त्याच्यासाठी मला काहीतरी हवंय, आणि गम खिशात असूनही ते मिळत नाही.

अनित्य, चिडचिडीचं पटलं. काल करून बघितलं. ती पोटात नसते, दोन्ही कानशिलांत असते. एवढं लिहून ठेवतो.

पांढराकोट

गड्ड्याचा मुद्दा मान्य. आढाव्यात 'फायदा दिसला नाही' याचा अर्थ 'फायदा नाही हे सिद्ध झालं' असा होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ब्रुअर यांच्याच गटाच्या मोबाइल अ‍ॅपच्या चाचणीत एक गंमत दिसली: सोडणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं, पण ध्यानाच्या गटात तलफ आणि सिगारेट यांची गाठ सैल झाली. तलफ येते, पण आली म्हणून ओढलीच असं होत नाही. तुम्ही बहुधा याच्याबद्दल बोलताय.

विडीघरकुल

इथं बहुतेक पुरुषच लिहितात तंबाखूवर, म्हणून मी लिहिते.

माझी आई विड्या वळते. आमच्या गल्लीत दारोदारी बायका सूप मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. तेंदूची पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. दिवसाला हजार विड्यांचा हिशेब. तंबाखूचा भुगा हाताला, नाकाला, पदराला, भाकरीला. आई मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावते, सकाळी उठल्यावर, दुपारी, आणि रात्री झोपण्याआधी. तिला कुणी व्यसनी म्हणत नाही कारण ती 'दात घासते'.

मला तुमच्या धाग्यावरून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, जिच्या अंगालाच दिवसभर तंबाखू लागलेला आहे तिनं तलफ कुठून शोधायची? दुसरी, वेळ. पाच-सात मिनिटं 'बसणं' म्हणजे तिच्या दहा-बारा विड्या.

संथवाहते

विडीघरकुल ताई, मला तर वाटतं आईंचं विड्या वळणं हेच किती सुंदर ध्यान आहे. हातांची लय, एकाग्रता, पुन्हा पुन्हा तीच कृती. आपण शहरी माणसं ज्याच्यासाठी शिबिरं करतो ते त्यांच्या हातात आपसूक आहे.

विडीघरकुल

संथवाहते, तुम्ही एकदा आमच्या घरी या. तळहातावर पान धरून बसा. मान धरते, बोटांच्या पेरांना चिरा पडतात, आणि कारखान्यात माल टाकायला गेलं की खराब म्हणून काढून टाकलेल्या विड्यांचे पैसे जातात. लक्ष हातात नसतंच, लक्ष आकड्यात असतं. ध्यान म्हणू नका त्याला.

अनित्य

ताईंशी पूर्ण सहमत. हात गुंतलेले असणं आणि जाणीव असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सवयीनं माणूस झोपेतही विडी वळू शकतो, तेच त्या कामाचं कौशल्य आणि तोच त्याचा शाप.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं मी असं सुचवेन. मिश्रीची तलफ शोधू नका, मिश्रीच शोधा. म्हणजे सोडायला सांगू नका. लावतानाच तिला विचारा, 'आई, आत्ता नेमकं काय होतंय गं?' हिरडीला आग होते का, डोकं हलकं होतं का, किती वेळ टिकतं, उतरताना काय होतं. ब्रुअर यांच्या पद्धतीतही आधी हेच करतात, सिगारेट ओढतच तिची चव, वास, घशातलं ओरखडणं लक्षपूर्वक बघायला सांगतात. बऱ्याच जणांना तिथं पहिल्यांदा कळतं की आपल्याला वाटतं तेवढं हे चांगलं लागत नाही. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, मिश्री लावायचा वेळ तिचा ठरलेलाच आहे.

मधलामारुती

हे काम केलं मी आज. लक्ष देऊन मावा खाल्ला. पहिली मिनिटभर एक झिणझिण, ती बेस्ट. नंतरची वीस मिनिटं नुसतं थुंकायलोय. च्यायला, मिनिटाभरासाठी वीस मिनिटं थुंकतो आपण.

सोडला नाय अजून. पण पुडीतला अर्धा फेकला.

सातरस्ता_जुना

वाचतोय. थोडा कडू अनुभव लिहितो, कुणी शिबिराला निघालं असेल तर उपयोगी पडेल.

मी दहा दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. कुठल्या ते नको, कारण दोष त्यांचा होता असं मला म्हणायचं नाही. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहाएक तास बैठक, मौन, फोन जमा, तंबाखू-सिगारेट अर्थातच बंद. पैसे घेत नाहीत, आधी बसून गेलेल्यांच्या दानावर चालतं. पहिले तीन दिवस नुसता नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास, चौथ्या दिवसापासून अंगभर संवेदना बघणं. दिवसातून तीनदा तासभर हातपाय न हलवता बसायचं.

माझ्या अंगात सहाव्या दिवशी जे सुरू झालं ते मला आवरलं नाही. धडधड, झोप उडालेली, बंद खोलीत गुदमरल्यासारखं. मला पूर्वी चिंतेचे झटके यायचे, हे मी अर्जात लिहिलं नव्हतं. अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात ते उगाच नाही. घरी येऊन मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलो, औषधं सुरू झाली, आता बरा आहे. बसतोही, दिवसातून थोडा वेळ, डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीवर. पार्कचौक डोळे मिटत नाही म्हणाले ते मला फार योग्य वाटलं. आत बघणं प्रत्येकाला प्रत्येक वेळी मानवतंच असं नाही. न मानवलं तर बाहेर बघायचं: पंख्याचा आवाज, तळव्याखालची फरशी.

अनित्य

हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. आमच्यातले काही लोक अशा वेळी 'विकार वर येताहेत, येऊ द्या' म्हणतात. काही वेळा ते खरं असतं, काही वेळा तो सरळ आजार असतो, आणि फरक ओळखायचं काम साधकाचं नाही.

जुळेसोलापूर_आई

माझ्या भावाचा प्रश्न आहे. दारू रोज, सकाळपासून. सकाळी हात थरथरतात, घेतली की थांबतात. त्याला हे तलफ बघायचं शिकवता येईल का? तो आता सोडायला तयार झालाय, उद्यापासून एकदम बंद करतो म्हणतोय. घरात सगळे खूश आहेत, मलाच भीती वाटते.

पांढराकोट

ताई, तुमची भीती बरोबर आहे. एकदम बंद करू देऊ नका. रोज पिणाऱ्याचे, त्यातही सकाळी हात थरथरणाऱ्याचे, दारू अचानक तोडल्यावर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊन भ्रम होऊ शकतो, त्यात माणूस दगावू शकतो. तंबाखूत असं होत नाही, दारूत होतं. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे त्यांना सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात किंवा तुमच्या ओळखीच्या फिजिशियनकडे नेणं. औषधं देऊन हळूहळू उतरवतात, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देतात. तोपर्यंत ध्यानाचा विषयच नको.

नंतर मात्र जागा आहे. अ‍ॅलन मार्लाट यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात व्यसन परत लागू नये म्हणून जी पद्धत बसवली तिच्यात तलफ लाटेसारखी चढू द्यायची, फुटू द्यायची आणि तिच्यावर तरंगत राहायचं हे शिकवतात. त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली २८६ जणांवर ती तपासली. वर्षभरानं ध्यानाच्या गटातल्या लोकांचे नशेचे आणि बेसुमार पिण्याचे दिवस इतरांपेक्षा कमी निघाले. पण ते सगळे आधी उपचार पूर्ण करून आलेले होते. क्रम तोच ठेवा.

जुळेसोलापूर_आई

धन्यवाद डॉक्टर. आजच रात्री दादाला बोलते. मेव्हण्याला गाडी घेऊन बोलावलंय.

बाराबंदी

उशिरा आलो धाग्यावर. पार्कचौकच्या टपरीच्या प्रश्नाला कुणी नीट हात घातला नाही म्हणून लिहितो.

आमच्या घराकडं पिढ्यानपिढ्या नंदीध्वजाची सेवा आहे. संक्रांतीच्या आधी सराव सुरू होतो. ज्यांनी सिद्धेश्वराची यात्रा पाहिली नसेल त्यांच्यासाठी: सात नंदीध्वज, उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं त्या कमरेला पट्ट्यात घेऊन गर्दीतून चालतात. बघणाऱ्याला वाटतं हा माणूस खांबासारखा स्थिर आहे. आतून तसं काही नसतं. काठी सतत कुठल्या तरी बाजूला कलते, तिला सावरत राहायचं असतं, पायाच्या अंगठ्यापासून. स्थिर राहायला गेलास तर पडतोस. नवशिक्या पोरांचं तेच होतं, काठी कलली की घाबरून आवळतात आणि जास्त कलते.

समता म्हणून जे तुम्ही लिहिताय ते मला असंच वाटतं. टपरीवर पुडी समोर आली आणि तू हललास, यात काही बिघडलं नाही. हलणारच. प्रश्न एवढाच की कळतंय का हललास ते. आणि गर्दीत जायचं असेल तर सराव आधी मोकळ्या मैदानात करतात, मिरवणुकीच्या दिवशी नाही. म्हणून महिनाभर टपरी बदल. त्याच मित्रांना चहाच्या गाड्यावर बोलव. ज्याचं तोंड पडतं त्याचं दोन दिवसांनी वर येतं, माझा अनुभव आहे. मीही तंबाखू मळायचो, सरावाच्या काळात बंद असायचा, नंतर परत. आता काही वर्षं परत नाही.

आणि 'नको' नीट म्हणायला शीक. 'आज नको' म्हटलं की समोरचा उद्या विचारतो. मी 'सोडला रे' म्हणतो आणि पुडी त्याच्या हातात परत ठेवतो. परत ठेवताना बोटांना जे होतं ते बघायचं. तिथं सगळं आहे.

अनित्य

बाराबंदी, सलाम. एवढं नेमकं मला वीस परिच्छेदांत लिहिता आलं नसतं.

संथवाहते

+१. मात्र हे सगळं गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत आधीच आलेलं आहे हे इथं कुणी म्हटलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

मधलामारुती

आलं असेल अक्का. पण स्थितप्रज्ञाला सातरस्त्यावर रिक्षा घेऊन पॅसेंजरची वाट बघत उभं राहायला लागत नव्हतं.

पार्कचौक

सगळ्यांचे आभार. काही गोष्टी माझ्यापुरत्या ठरवल्यात, कुणाला उपयोग झाला तर बघा.

सकाळी उठल्यावर थोडा वेळ बसणार, तलफ नसताना. आतापर्यंत मी फक्त आग लागल्यावर विहिरीकडे पळत होतो. सकाळी खाज येते, डास चावतो, पाय मुंग्यांनी भरतो, आणि आमच्याकडं तर काही दिवसांआड पाणी येतं तेही नेमकं त्या वेळी, मोटर लावायची धडपड मनात सुरू होते. हे सगळं म्हणजे फुकटचा सराव. खाजवायची ओढ आणि माव्याची ओढ आतून बघितली तर फार वेगळ्या नाहीत, एक छोटी, एक मोठी.

गम आणलीये. डॉक्टर म्हणतात म्हणून आणि बायको म्हणते म्हणून. टपरी महिनाभर बंद, चहा गाड्यावर.

ध्यानानं मावा सुटेल का, हे मी आता विचारत नाही. गम मावा सोडवेल, ध्यान चिडचिड घरी न्यायची थांबवेल, अशी वाटणी मी करून टाकलीये. अनित्य नाक मुरडतील, मुरडू देत.

अनित्य

नाक मुरडलं, कुठं मुरडलं ते पाहिलं, गेलं. :-)

पांढराकोट

पार्कचौक, गमची एक गोष्ट राहिली. ती च्युइंगमसारखी सतत चघळू नका. दोन-चार वेळा हळू चावायची, झिणझिण आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, झिणझिण गेली की परत चावायची. साधारण अर्धा तास. आणि चहा पिऊन लगेच घेतली तर निकोटीन नीट शोषलं जात नाही, पंधरा मिनिटं थांबा. चहाच्या गाड्यावर मित्र जमवणार आहात म्हणून मुद्दाम सांगतो.

विडीघरकुल

अनित्य यांनी सांगितलं तसं आईला विचारलं, मिश्री लावताना. तिनं डोळे मोठे करून बघितलं माझ्याकडं. म्हणाली, 'तुला काय झालंय आज?' मग थोड्या वेळानं स्वतःहूनच म्हणाली, दुपारची लावते ती चवीसाठी नाही, त्या वेळी मान इतकी भरून येते की उठायला काहीतरी कारण पाहिजे म्हणून. सूप खाली ठेवायचं, मोरीपर्यंत जायचं, दोन मिनिटं उभं राहायचं.

मला हे एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. आता दुपारी मीच हाक मारते, 'आई, ऊठ, पाणी पी.' ती उठते. मिश्री कधी लावते, कधी विसरते. डॉक्टर, तिच्या खालच्या हिरडीला एक पांढरी जागा आहे, दुखत नाही म्हणते. दाखवायला आणू का?

पांढराकोट

आणा ताई, आणि दुखत नाही म्हणून थांबू नका. सकाळी दहाच्या आत आलात तर गर्दी नसते. पत्ता व्यक्तिगत संदेशात पाठवतो. येताना मिश्रीची डबी पण आणा, आणि त्यांना रागावून आणू नका.